पाटी ५४० ची, फेरे ६४८: सोयाबीनच्या राशीत डाळ होण्याचं एक प्रकरण

रेणापूर तालुक्यातलं गाव, ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. कापलेल्या सोयाबीनची बनीम चार दिवस ताडपत्रीखाली झाकलेली. राशीला आलेलं मळणी यंत्र ओळखीचं होतं, मागचे दोन हंगाम याच शिवारात चाललेलं. यंदा बदलला होता तो फक्त ट्रॅक्टर. मशीनवाल्याने जुना ३५ एचपीचा विकून ५० एचपीचा घेतला होता, आणि ड्रायव्हर मात्र जुनाच होता.

सकाळी नऊला रास सुरू झाली. पहिल्या कट्ट्यांत थोडी डाळ दिसली, ती कोणी मनावर घेतली नाही. बाराच्या सुमारास कट्टा शिवणाऱ्याने ओंजळ भरून दाखवली, "मालक, माल तडकायलाय." दाणे फुटून दोन फाका झालेले, काहींची साल अर्धी निघालेली. तोटीखालून धरलेला १०० ग्रॅमचा नमुना निवडला तर त्यात ९ ग्रॅम फूट निघाली. चालणाऱ्या मशीनवर २-३ ग्रॅम फूट निघणं सहज चालून जातं. ९ ग्रॅम निघाली की मोंढ्यात आडत्यासमोर बोलायची सोय राहत नाही, आणि बियाण्याचा तर विषयच संपतो.

पुढच्या तासाभरात तीन उपाय झाले. तिन्हींमागे काही ना काही तर्क होता, पण तिन्ही चुकले.

पहिला उपाय जाळीचा. ड्रमचे दात आणि जाळी यांच्यातलं अंतर २० मिलिमीटरवरून २६ पर्यंत सैल केलं. फूट किंचित कमी झाली, पण न फुटलेल्या शेंगा भुसकटाबरोबर बाहेर पडू लागल्या. दुसरा उपाय घास कमी करण्याचा: मशीनवर ताण येतोय असं समजून पेंढ्या सावकाश सोडायला सांगितलं. याने फूट उलट वाढली. ड्रममध्ये माल भरलेला असतो तेव्हा दात आणि दाणा यांच्यामध्ये काड-पाल्याची गादी असते. घास पातळ झाला की दाताचा फटका थेट दाण्यावर बसतो. तिसरा उपाय पंख्याचा. भुसकटात चांगले दाणे जाताना दिसले म्हणून पंख्याची झडप अर्धी बंद केली. दाणे जायचे थांबले, पण कट्ट्यात काडी-कचरा उतरू लागला.

मग दोष उन्हावर गेला. त्यात तथ्य होतं, म्हणूनच त्याने सगळ्यांना चकवलं. सकाळी दाण्यात १४ टक्के ओलावा होता, दुपारी ११ वर आला होता. सोयाबीन सुकलं की दाण्याची साल ठिसूळ होते आणि त्याच फटक्याला जास्त दाणे फुटतात. त्यात वाण टपोऱ्या दाण्याचं, केडीएस ७२६, म्हणजे फुटायला आणखी सोपं. पण दाणा सुकला म्हणून भुसकटाचा झोत लांब जात नाही. या राशीत भुसकटाचा ढीग नेहमीपेक्षा दोन-तीन हात पुढे पडत होता, आणि हे सकाळपासूनच होतं. फूटही जास्त आणि वाराही जास्त, असे दोन दोष एकदम दिसले की दोघांचं मूळ एकाच जागी शोधायचं. या मशीनमध्ये ड्रम, पंखा आणि चाळणी या तिघांना फिरवणारा मुख्य शाफ्ट एकच, आणि तो थेट ट्रॅक्टरच्या पीटीओला, म्हणजे मागच्या बाजूच्या फिरत्या शाफ्टला, जोडलेला. पीटीओ जास्त फिरला की तिन्ही जास्त फिरतात.

ड्रायव्हरचं उत्तर ठाम होतं: "अठराशेवरच लावलंय, दोन वर्षं तेवढ्यावरच चालवतोय." ते खरंही होतं. इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरचा काटा बरोबर १८०० वर होता.

मोजणी

फेरे मोजणारा फोटो टॅकोमीटर हाताशी नव्हता, म्हणून मोबाईलवर भागवलं. मशीन बंद करून मुख्य शाफ्टच्या पुलीच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका दिला. मशीन रिकामं चालू करून तीन-चार मीटरवरून स्लो मोशनमध्ये चित्रण केलं. सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोबाईल ते सेकंदाला ३० च्या वेगाने दाखवतो, म्हणजे आठपट सावकाश. मशीनच्या पाटीवरचा वेग ५४० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५४० फेरे, सेकंदाला ९. पडद्यावर ठिपक्याच्या १० फेऱ्यांना ८.९ सेकंद लागले तर पीटीओ ५४० वर आहे. इथे लागले ७.४ सेकंद, म्हणजे ६४८ आरपीएम. (मोबाईल १२० चित्रांवर लावलेला असेल तर ५४० ला १० फेऱ्यांना ४.४ सेकंद येतात. ही सेटिंग आधी पाहून घ्यावी, नाहीतर दुप्पट वेग निघतो आणि भलतीकडे धावाधाव होते.)

दुसऱ्या दिवशी टॅकोमीटर मिळाल्यावर हाच आकडा पडताळला. टॅकोमीटर वापरताना चमकती पट्टी एकच लावायची आणि शक्यतो सावलीत मोजायचं. पुलीवर दुसरं काही चकाकत असेल तर वाचन दुप्पट येऊ शकतं.

चूक कुठे होती

पीटीओचा ५४० हा आकडा ट्रॅक्टरचा स्वतःचा नसतो. इंजिनच्या एका ठरावीक आरपीएमला, पीटीओचा एक ठरावीक गिअर लावलेला असताना, शाफ्ट ५४० फिरतो. ते ठरावीक आरपीएम प्रत्येक मॉडेलचं वेगळं असतं आणि ते ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं. बऱ्याच ट्रॅक्टरांच्या मीटरवर त्या जागी खूणही असते.

जुन्या ट्रॅक्टरला पीटीओचा एकच वेग होता, १८०० ला ५४०. ड्रायव्हरच्या अंगवळणी पडलेला "अठराशे" तिथून आलेला. नव्या ट्रॅक्टरच्या पीटीओला दोन वेग आहेत: साधा, १९०० ला ५४०, आणि इकॉनॉमी, ज्याला दांडीजवळ ५४०ई लिहितात, १५०० ला ५४०. दांडी इकॉनॉमीवर होती. गणपतीच्या सुमारास याच ट्रॅक्टरवर फवारणीचा एचटीपी पंप चालवला होता, तेव्हा डिझेल वाचावं म्हणून ती ई वर टाकली आणि तशीच राहिली. दांडीजवळची चिठ्ठी चिखलाखाली झाकलेली.

हिशेब सोपा आहे. पीटीओचे फेरे म्हणजे मीटरवरचा आरपीएम गुणिले ५४०, भागिले पुस्तकातला आरपीएम. दांडी ई वर आणि मीटर १८०० वर, तर १८०० × ५४० ÷ १५०० = ६४८. वेग २० टक्क्यांनी जास्त. दांडी साध्यावर असती तर त्याच १८०० ला ५१२ आले असते आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

मुख्य शाफ्टवर ८ इंची पुली आणि ड्रमवर १० इंची, म्हणून ड्रमचे फेरे पीटीओच्या ०.८ पट. ५४० ला ड्रम ४३२ फिरायला हवा, तो ५१८ वर गेला. पट्ट्याचा घसरा धरून ड्रमवर प्रत्यक्षात ५०५ मोजले. दातांच्या टोकाशी ड्रमचा व्यास ६० सेंटिमीटर. ४३२ ला टोकाचा वेग सेकंदाला साडेतेरा मीटरच्या आसपास, ५१८ ला सव्वासोळा. फटक्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग २० टक्के वाढला तरी फटका ४४ टक्क्यांनी जबर झाला. पंख्याचं गणित याहून महाग: त्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, म्हणजे एकट्या पंख्यालाच ७३ टक्के जादा जोर. जादा डिझेल जाळून आपलाच माल भुसकटात उडवला जात होता.

ड्रमच्या दातांवर आणि फ्लायव्हीलवर येणारा बाहेर फेकणारा जोरही त्याच ४४ टक्क्यांनी वाढतो. झिजलेला किंवा झाळून बसवलेला दात अशा वेगात निसटला तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. या मशीनचे दोन दात झाळलेले होते. फूट झाली ती दिसली तरी. ही गोष्ट कुणाच्या डोक्यातच आली नव्हती.

दुरुस्ती

क्रम महत्त्वाचा आहे. आधी हाताचा थ्रॉटल पूर्ण खाली. मग पीटीओचा क्लच सोडवायचा. मशीनचं फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं. ते बराच वेळ स्वतःच्या जोरावर फिरत राहतं आणि शाफ्ट फिरत असताना दांडी ओढली तर गिअरचे दात खरडतात. त्यानंतरच दांडी बदलायची.

दांडी कुठे ठेवायची, यावर थोडी चर्चा झाली. दोन पर्याय होते: ई वर १५०० किंवा साध्यावर १९००. दोन्हीकडे पीटीओ ५४०च. फरक मागे शिल्लक राहणाऱ्या ताकदीचा. १५०० ला इंजिन आपली पूर्ण शक्ती देत नाही, पण डिझेल कमी खातं. ५० एचपीच्या ट्रॅक्टरला हे मशीन हलकं आहे, तेव्हा ई वर १५०० ठेवून पाहिलं. रिकाम्या मशीनवर १५०० लावून माल सोडला तर मीटर १४४० वर उतरलं, म्हणजे पीटीओ ५१८ आणि ड्रम ४१५. ओझं आलं की इंजिनचा वेग सांभाळणारा गव्हर्नर थोडं उतरू देतोच. म्हणून रिकामं असताना १५५० वर लावलं, माल पडल्यावर काटा १५०० च्या आसपास स्थिरावला. वेग नेहमी माल चालू असताना पाहायचा. रिकाम्यावर बरोबर आणि ओझ्याखाली चूक, ही नेहमीची फसगत आहे.

माल सोडल्यावर मीटर शंभरहून जास्त उतरत असेल किंवा नळीतून काळा धूर येत असेल, तर ई सोडून साध्यावर १९०० लावावं. बनमीच्या तळाचा ओला माल आला की तेच करावं लागतं. ३५ एचपीच्या आतला ट्रॅक्टर असेल तर राशीला ई चा विचार नको. रोटाव्हेटरलाही नको, तिथे ओझं धक्क्याने येतं आणि १५०० वरचं इंजिन दम तोडतं.

ई चा आणखी एक धोका आहे आणि आमच्या मते तो डिझेलच्या बचतीपेक्षा मोठा आहे. हाताचा थ्रॉटल सैल असेल किंवा गर्दीत कोणाचा धक्का लागून पूर्ण वर गेला, तर हे इंजिन रिकामं २३०० पर्यंत जातं. साध्या गिअरमध्ये तेव्हा पीटीओ ६५४ होतो. ई मध्ये ८२८. ड्रम साडेसहाशेच्या वर. म्हणून या ट्रॅक्टरवर थ्रॉटलच्या दांडीचा नट आवळून घेतला, आणि मीटरच्या काचेवर १५०० ला हिरवी व १९०० ला पांढरी रंगाची रेघ ओढली. दांडीजवळ त्याच रंगांचे ठिपके दिले. आता हिरव्यावर दांडी असेल तर काटा हिरव्या रेघेच्या पुढे न्यायचा नाही, एवढंच लक्षात ठेवायचं. हंगामात पोऱ्या बदलतो, त्याला पुस्तक वाचायला लावण्यापेक्षा हे बरं.

जाळी परत २० मिलिमीटरवर आणली, झडप उघडली, घास भरून सोडला. तोटीखालचा नमुना १०० ग्रॅमला ३ ग्रॅमवर आला. भुसकटाचा ढीग जवळ पडू लागला, आणि पसाभर भुसकट सुपात पाखडलं तर दोन-चार दाणे निघाले, तेही पोचट.

बियाण्याचे कट्टे

बनमीतला एक भाग पुढच्या खरिपाच्या बियाण्यासाठी बाजूला ठेवला होता. दाणा सुकलेला असेल तर बियाण्याला ४३२ हाही वेग थोडा जास्तच. दाण्यात १४ टक्के ओलावा असताना ड्रम ४०० ते ५०० चालतो, १३ च्या खाली उतरला की ३०० ते ४०० मध्येच ठेवावा. बाहेरून अख्खा दिसणारा दाणा आतून किंवा सालीवर तडकलेला असतो आणि मेमध्ये उगवण तपासली तेव्हाच ते कळतं.

वेग उतरवायचा सोपा मार्ग म्हणजे थ्रॉटल खाली घेणं. दुपारच्या बाजाराच्या मालासाठी ते थोडं केलंही. पण थ्रॉटल फार उतरवला तर पंखा आणि चाळणीही मंदावतात, आणि कट्ट्यात भुसकट येतं. खरा मार्ग फक्त ड्रमचा वेग उतरवण्याचा. ड्रमवरची १० इंची पुली काढून १२ इंची घातली. ५४० × ८ ÷ १२ = ३६०. पंखा आणि चाळणीचे पट्टे वेगळे असल्याने त्यांचा वेग तसाच राहिला. पुलीचा व्यास २ इंचांनी वाढला की पट्टा साधारण ३ इंच लांब लागतो. बी सेक्शनच्या पट्ट्यावरचा आकडा म्हणजे आतली लांबी इंचांत, म्हणून बी ९२ च्या जागी बी ९५ आणला. पट्टे जोडीने असतील तर दोन्ही एकदम बदलावेत; एक नवा आणि एक ताणलेला असला की सगळं ओझं नव्यावर येतं. ज्या मशीनमध्ये पंखा ड्रमच्याच शाफ्टवर बसवलेला असतो तिथे हा उपाय लागू पडत नाही. तिथे ड्रम उतरवला की पंखाही उतरतो, मग झडप पूर्ण उघडून जेवढं भागेल तेवढं भागवायचं.

बियाण्याची रास दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत उरकली, दाण्यात १४ टक्के ओलावा असताना. ३६० वर वेळ जास्त लागला. मशीनवाल्याचा दर कट्ट्यामागे असतो, त्यामुळे सावकाश चालवायला तो सहसा राजी नसतो. बियाण्याच्या कट्ट्यांचा दर आधीच वेगळा ठरवून घेतला तर ही कुरबुर होत नाही.

सालीची तडक तिथल्या तिथे पाहायची एक रीत आहे. कपडे पांढरे करायचं द्रावण, सोडियम हायपोक्लोराइट, घरात मिळतं ते साधारण ४-५ टक्क्यांचं असतं. एक भागाला चार भाग पाणी घालून त्यात १०० अख्खे दाणे पाच-दहा मिनिटं टाकायचे. साल तडकलेले दाणे फुगून सुरकुततात, ते मोजायचे. दहाहून जास्त फुगले तर ते बियाणं धरायचं नाही. तपासलेले दाणे जनावरांपुढे न टाकता पुरून टाकावेत. आदल्या दिवशीच्या, ६४८ वरच्या कट्ट्यांत हा आकडा २३ आला. ३६० वरच्या कट्ट्यांत ६. हे पेरणीआधीच्या उगवण चाचणीऐवजी नाही. ओल्या गोणपाटात १०० दाणे लावून किमान ७० उगवतात का, हे तरी मेमध्ये पाहावंच लागतं. बियाण्याच्या कट्ट्यांची थप्पीही उंच लावू नये आणि ते उंचावरून आपटू नयेत. राशीत वाचवलेली साल हमाली करताना फुटते.

आपल्या ट्रॅक्टरवर हेच पाहायचं असेल तर

आधी पुस्तकात पीटीओचं पान काढावं. "५४० @ १६५०" अशा तऱ्हेने लिहिलेलं असतं. दोन किंवा चार वेगांचा पीटीओ असेल तर तितक्या ओळी असतात. जुना ट्रॅक्टर घेतला आणि पुस्तक नसेल तर मीटर एका आकड्यावर धरून पीटीओ मोजावा आणि भागाकार करावा. १५०० ला ४५० आले, तर गुणोत्तर ३.३३, म्हणजे ५४० ला १८०० लागतील.

पण मीटरच खोटं बोलत असेल तर? जुन्या ट्रॅक्टरात मीटर केबलवर चालतं, केबल सुकली की काटा नाचतो किंवा मागे राहतो. नव्यांत बऱ्याचदा मीटरला इशारा अल्टरनेटरकडून मिळतो. तिथला पट्टा घसरत असेल, किंवा अल्टरनेटर बदलताना वेगळ्या मापाची पुली बसवली असेल, तर मीटर कायम चुकीचं दाखवतं आणि त्यावर विश्वास ठेवणारा कायम चुकीच्या वेगाने चालवतो. म्हणून वर्षातून एकदा, राशीच्या आधी, शाफ्टवरच मोजलेलं बरं. कानाचा भरवसा नको. तीन सिलिंडरचं इंजिन आणि चार सिलिंडरचं इंजिन त्याच आरपीएमला वेगळं ऐकू येतं.

दांडी ग्राउंड पीटीओवर असेल तर उभ्या ट्रॅक्टरचा शाफ्ट फिरतच नाही, कारण त्याचे फेरे चाकांवर अवलंबून असतात. काही जण तेव्हा क्लच गेला म्हणून मिस्त्री बोलावतात. रिव्हर्स पीटीओ ड्रम अडकल्यावर माल मागे काढायला उपयोगी, पण तोही फ्लायव्हील थांबल्यावरच.

वेग बरोबर असूनही शाफ्ट थरथरत असेल तर जॉइंट पाहावेत. दोन्ही टोकांच्या काट्यांची तोंडं एका रेषेत हवीत. नळी काढून परत घालताना एक खाच चुकली तरी मशीन दर फेरीला झटके खातं आणि क्रॉसची बेअरिंग खिळखिळी होतात. ट्रॅक्टर आणि मशीन शक्यतो सरळ रेषेत उभे करावेत. शाफ्टवरची प्लास्टिकची नळी काढून चालवणारे पुष्कळ आहेत. राशीवर बायका कामाला असतात, पदर आणि ओढणी त्या शाफ्टच्या हातभर अंतरावर वावरत असते, आणि ५४० ला शाफ्ट सेकंदाला नऊ वेढे घेतो. नळी नसेल तर रास सुरू करू नये.

पहिल्या दिवशी ६४८ वर निघालेल्या १९ कट्ट्यांवर खडूने फुली मारून ते वेगळ्या थप्पीत ठेवले. ते आधी मोंढ्यात गेले. बियाण्याचे सहा कट्टे घरात लाकडी फळ्यांवर आहेत, भिंतीपासून हातभर लांब.